‘वेव्हर्ली’ परत गेलं तेव्हा

नव्या पुस्तकाला आमच्याकडं सात दिवस, जुन्याला पंधरा, दिवाळी अंकाला चार. बावीस वर्षं मी डोंबिवलीतल्या एका वाचनालयात देवघेवीला बसते आहे, आणि या तीन आकड्यांपायी जेवढी बोलणी खाल्ली तेवढी सासरीसुद्धा खाल्ली नाहीत. नियम समितीचा, तोंड माझं.

गेल्या महिन्यात नववीतली एक मुलगी पुस्तक परत करायला आली. पुढं दोघांनी मागणी नोंदवून ठेवलेली, त्यामुळं मुदत वाढवून देता येईना. ती काही बोलली नाही. बाजूच्या बाकावर बसली, दप्तरातून गणिताची वही काढली आणि मागच्या पानापासून भराभरा उतरवून घ्यायला लागली. मोबाइल आईकडं असतो, नाहीतर फोटोच काढले असते, हे तिनं नंतर सांगितलं. आठ वाजता आम्ही पंखे बंद करतो. तोवर तिची दीड पानं लिहून झाली होती. पुस्तकाची सत्तरएक पानं अजून उरलेली.

मला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण मागं रांग होती. इथं सांगते.

इंग्लंडात वॉरविकशरमध्ये, ननईटन गावाजवळ ग्रिफ नावाचं घर होतं. त्या घरातले रॉबर्ट इव्हान्स हे न्यूडिगेट घराण्याच्या आर्बरी इस्टेटीचे कारभारी. 1827 च्या सुमारास शेजारच्या कुणीतरी त्यांच्या थोरल्या मुलीला वॉल्टर स्कॉटची ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी वाचायला दिली. ती धाकट्या मेरी ॲनच्या हातात पडली. मेरी ॲन तेव्हा सात-आठ वर्षांची. तिची वाचून संपायच्या आतच घरातल्या कुणीतरी पुस्तक नेऊन परत दिलं. उसनं आणलेलं होतं, परत द्यायलाच हवं होतं, आणि माझ्या खुर्चीत बसून मी त्यांना दोष देऊ शकत नाही. पोरगी मात्र हिरमुसली आणि जेवढं वाचलं होतं तेवढं स्वतःच लिहून काढायला बसली. ते बघून मोठ्यांना नवल वाटलं आणि त्यांनी ते पुस्तक तिच्यासाठी पुन्हा मागून आणलं.

यात मला सगळ्यांत आवडतो तो एक बारीक तपशील. तिनं पहिल्या पानापासून सुरुवात केलीच नाही. कादंबरीचा नायक वेव्हर्ली टली-व्हिओलन नावाच्या स्कॉटिश गावी पोचतो, तिथून केली. ज्यांनी ‘वेव्हर्ली’ वाचायचा प्रयत्न केलाय त्यांना यातली गंमत कळेल. टली-व्हिओलन यायला आठवं प्रकरण उजाडतं. तोवर नायकाचं घराणं, त्याचे काका, त्याचं शिक्षण, जुनं राजकारण. इतकं, की स्कॉट स्वतःच मध्येच थांबून वाचकांची माफी मागतो. या पोरीनं ती सातही प्रकरणं उडवली आणि गोष्ट जिथं सुरू होते तिथं सुरू केली.

हीच पुढं जॉर्ज एलियट या नावानं कादंबऱ्या लिहायला लागली.

तिची ‘मिडलमार्च’ मला एम.ए.ला होती. एम.ए. बहिःस्थ, म्हणजे गाइड वाचून. खरी वाचली ती चाळिशी उलटल्यावर. एका प्राध्यापकांच्या पश्चात त्यांच्या घरच्यांनी इंग्रजी पुस्तकांची दोन खोकी आम्हाला देणगी दिली, त्यात ती होती. दाखल करून घेतली, शिक्का मारला, कपाटात लावली, आणि कुणी मागितलीच नाही. दुपारी एक ते चार वाचनालय बंद असतं. डबा खाऊन झाला की रोज आठ-दहा पानं, असं करत मी ती संपवली. माझ्याच कार्डावर घेतली आणि अकरा महिने स्वतःलाच मुदतवाढ देत राहिले. या नोकरीत मी केलेला भ्रष्टाचार एवढाच.

मग चटकच लागली. बाकीच्या कादंबऱ्या आणि तिनं अखेरच्या वर्षी ज्याच्याशी लग्न केलं त्या जॉन क्रॉसनं तिच्या पत्रांतून आणि रोजनिशीतून जुळवलेलं चरित्र मी मोबाइलवर वाचलं. वाचताना माझं लक्ष सारखं एकाच गोष्टीकडं जायचं. धंद्याची सवय, दुसरं काय. ही बाई पुस्तक आणते कुठून, परत कधी देते, आणि जाताना त्यातलं काय ठेवून घेते?

‘द मिल ऑन द फ्लॉस’ 1860 ची. त्यात मॅगी टलिव्हर आणि फिलिप रानातल्या एका घळीत चोरून भेटतात. फिलिपच्या खिशात एक पुस्तक असतं, स्कॉटचंच, ‘द पायरेट’. मॅगी ते बघते आणि म्हणते, हे मी एकदा सुरू केलं होतं, मिना क्लीव्हलंडबरोबर फिरत असते तिथपर्यंत वाचलं, पुढचं कधी मिळालंच नाही. मग मी माझ्या मनानंच गोष्ट पुढं नेली, कितीतरी शेवट करून पाहिले, पण सगळे दुःखाचेच झाले.

हे वाचलं तेव्हा मी फोन खाली ठेवला. तेहतीस वर्षांपूर्वी शेजाऱ्याकडं परत गेलेलं पुस्तक इथं असं वर आलं होतं! फक्त पुस्तकाचं नाव बदललेलं, आणि मॅगीला ते पुन्हा आणून देणारं घरात कुणी नव्हतं.

याच मॅगीला फिलिप पुढं फ्रेंच लेखिका मादाम द स्तालची ‘कोरिन’ देतो, ती ती अर्धवट ठेवून परत करते. का, तर गोष्टीत सोनेरी केसांची मुलगी आली, आता सगळं सुख हीच घेऊन जाणार हे तिनं ओळखलं. मॅगी स्वतः सावळी, काळ्याभोर केसांची. पुस्तक का नाही आवडलं, याचं इतकं प्रामाणिक कारण मला अजून एकाही सभासदानं सांगितलेलं नाही. ‘जरा बोअर आहे हो’ यापलीकडं कुणी जात नाही.

पण त्या कादंबरीतलं मला सगळ्यांत लागलेलं पान वेगळंच आहे. टलिव्हरांचं दिवाळं निघालेलं, घरातली पुस्तकंसुद्धा लिलावात गेलेली. बॉब जेकिन नावाचा फेरीवाला मित्र मॅगीला जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा आणून देतो. त्यात थॉमस आ केम्पिसचं छोटंसं धार्मिक पुस्तक असतं. त्यात कुणीतरी ठिकठिकाणी शाईनं ठळक खुणा केलेल्या, काळानं तपकिरी पडलेल्या. खुणा करणारा हात कधीचाच थांबलेला. मॅगी एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जात वाचत राहते, जणू कुणी बोट धरून नेतंय.

आमच्याकडं पुस्तकात खुणा केल्या तर दंड आहे. शाईच्या असतील तर पुस्तकाची पूर्ण किंमत. पेन्सिलीच्या असल्या तर मी दुपारी खोडरबर घेऊन पुसत बसते. ते पान वाचल्यापासून पुसायच्या आधी मी खूण केलेलं वाक्य वाचते. एका पाककृतीच्या पुस्तकात कुणीतरी फक्त ‘मीठ चवीनुसार’ हे तीन ठिकाणी अधोरेखित केलं होतं. ते मी तसंच ठेवलं.

असो. तर मेरी ॲन विशीत आली, आई वारलेली, घर तिच्या अंगावर. कॉलेज वगैरेचा प्रश्नच नव्हता, मुलींना विद्यापीठाचं दार बंद. पण वडिलांच्या मालकांच्या हवेलीत, आर्बरी हॉलमध्ये, मोठा ग्रंथसंग्रह होता. 1840 मध्ये मिसेस न्यूडिगेट यांनी तिला परवानगी दिली, हवं तेव्हा ये आणि लागतील ती पुस्तकं बघ. कारण तिनं एक मोठं काम अंगावर घेतलं होतं. ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या इतिहासाचा भलाथोरला तक्ता. उभे रकाने पाडायचे, एकात रोमन सम्राट सनावळीसकट, एकात ज्यूंची स्थिती, एकात बिशप, एकात पाखंडी मतं आणि फाटाफुटी, असं बरंच. छापून विकायचा आणि नफ्यातला वाटा जवळच्या ॲटलबरोच्या चर्चला द्यायचा. काही महिने ती या रकान्यांत गढून गेली. आणि मग कळलं, की दुसऱ्या कुणीतरी तसाच तक्ता छापून बाजारात आणलाय. तिनं आपला तक्ता सोडून दिला.

त्या हवेलीचं तिनं पुढं पहिल्याच पुस्तकातल्या एका गोष्टीत चेव्हरेल मॅनर केलं, तिथली दालनं, छतावरचं नक्षीकाम, सगळं. पण माझ्या मते आर्बरीतून तिनं नेलेला खरा ऐवज म्हणजे तो फसलेला तक्ता.

कारण ‘मिडलमार्च’मधले कसॉबनबुवा आठवा. जगातल्या सगळ्या पुराणकथांची एकच किल्ली शोधायला निघालेले. टिपणांच्या वह्यांवर वह्या, कप्प्यांवर कप्पे, आणि पुस्तक काही होत नाही. लग्नानंतर रोमला जातात तर नव्या नवरीला एकटी सोडून व्हॅटिकनच्या ग्रंथालयात जाऊन बसतात. आणि तिथंच त्यांचा तरुण नातलग लॅडिस्लॉ त्या नवरीला, डोरोथियाला, सांगून टाकतो, की जर्मन पंडितांनी हे काम केव्हाच पुढं नेलंय, तिकडं हमरस्ते झालेत आणि हे अजून होकायंत्र घेऊन जंगलात चाचपडतायत. कसॉबनबुवांना जर्मन येतच नाही. एलियटबाईंना मात्र उत्तम येत होतं. सव्विसाव्या वर्षी तिचं स्ट्राउसच्या जर्मन ‘येशूचरित्रा’चं इंग्रजी भाषांतर छापून आलं होतं.

कसॉबन तुम्ही कुणावरून घेतलात, असं एकदा कुणीतरी तिला विचारलं. तिनं गंभीर चेहरा करून आपल्या छातीकडं बोट दाखवलं. हा किस्सा लोक विनय म्हणून सांगतात. मला तो विनय वाटत नाही. रकान्यांत अडकून पडणं काय असतं आणि दुसऱ्यानं आधीच केलेलं असणं काय असतं, हे तिला विसाव्या वर्षापासून माहीत होतं.

आणि तो धोका टळला नव्हता. पुढं लंडनमध्ये जॉर्ज हेन्री लुईस या लेखकाबरोबर ती राहायला लागली. त्याची पहिली बायको हयात, घटस्फोट अशक्य, त्यामुळं लग्नाविना. पुस्तकांची मात्र चंगळ. ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय पुस्तकं घरी नेऊ देत नाही आणि तिथं बसून डोकं दुखतं, अशी टॉमस कार्लाइल या लेखकाची कायमची तक्रार होती. त्यातून त्यानं पुढाकार घेऊन 1841 मध्ये लंडन लायब्ररी काढली, वर्गणी भरा आणि घरी न्या. हे दोघं तिथली पुस्तकं वापरायचे. तर 1860 मध्ये फ्लॉरेन्सला असताना लुईसच्या डोक्यात आलं, की सॅव्होनारोला या धर्मोपदेशकाच्या काळावर हिनं कादंबरी लिहावी. झालं. पुढच्या वर्षी ही दोघं पुन्हा फ्लॉरेन्सला, तिथल्या मॅलियाबेकी ग्रंथालयात जुनी पुस्तकं उपसत. सान मार्को मठाच्या आतल्या भागात बायकांना प्रवेश नव्हता, तर तिथं लुईसनं आत जाऊन तिच्यासाठी टिपणं काढून आणली. ती बाहेर.

लंडनला परतल्यावरही वाचन संपेना. नोव्हेंबर 1861 मध्ये ती रोजनिशीत लिहिते, की इतकी खचले, की बागेत फिरताना ही इटालियन कादंबरी सोडूनच द्यायचं जवळजवळ ठरवलं. आणि त्यानंतर आठवडाभरानं ब्रिटिश म्युझियमच्या वाचनगृहात पहिल्यांदा जाते. कशाला? तर त्या काळचे पोशाख बघायला! तिकडं लुईस प्रकाशक ब्लॅकवुडला लिहितोय, की तुम्ही भेटलात तर हिला जरा सांगा, कादंबरी म्हणजे ज्ञानकोश नव्हे. या पत्रावर मी एकटीच खूप हसले. नवरेमंडळी बायकोला स्वतः सांगायचं सोडून तिसऱ्याकरवी निरोप देतात, हे तिकडंही होतं तर.

‘रोमोला’ शेवटी झाली. सुरू केली तेव्हा मी तरुण होते, संपवली तेव्हा म्हातारी झाले, असं तीच म्हणायची. मी ती दोनदा अर्धवट सोडली आणि तिसऱ्यांदा हट्टानं पुरी केली. खरं सांगायचं तर पुस्तकांचा वास जरा जास्तच येतो तिला. पण त्यात एक बार्दो आहे, रोमोलाचा आंधळा बाप. आपल्यामागं आपला ग्रंथसंग्रह फुटू नये, आपल्या नावानं एकत्र राहावा, एवढीच त्याची इच्छा. जावई तो विकून टाकतो. आमच्याकडं देणगी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला वेगळं कपाट हवं असतं, वर ‘स्मरणार्थ’ अशी पाटी. जागा नसते, आम्ही ‘हो हो, बघू’ म्हणतो आणि पुस्तकं विषयवार इकडं तिकडं लावून टाकतो. त्या प्राध्यापकांची दोन खोकीही अशीच पांगली. बार्दो वाचल्यावर मी दाखल नोंदवही काढून त्यांतली किती सापडतात ते मोजलं. बासष्टपैकी सत्तेचाळीस.

टिपणांनी तिला नेहमीच बुडवलं असं नाही हं. 12 जानेवारी 1859 ची नोंद बघा. तिची पहिली कादंबरी ‘ॲडम बीड’ बाहेर यायला अजून वीसेक दिवस आहेत, आणि ही शहरात जाऊन ‘ॲन्युअल रजिस्टर’ या जुन्या वार्षिकांत पुराच्या बातम्या शोधतेय. ‘मिल ऑन द फ्लॉस’चा शेवटचा पूर अचानक येतो, लेखिकेला शेवट सुचेना म्हणून तिनं सगळ्यांना बुडवलं, असं म्हणणारे खूप आहेत. एम.ए.च्या उत्तरपत्रिकेत मीही तेच लिहिलं होतं. पण पुस्तकाची तयारी चालू झाली तीच पुरापासून. नदी नंतर सापडली, गेन्सबरोची ट्रेंट. म्हणजे मॅगी आणि तिचा भाऊ नावेत बसायच्या कितीतरी आधी पाणी वह्यांत चढलेलं होतं.

‘मिडलमार्च’च्या वेळी हाच मालमसाला तिनं नीट आवरलाय. त्या वहीचं नाव तिनं ‘खाण’ ठेवलं होतं, दगडाची खाण. ती आज अमेरिकेत हार्वर्डला आहे. ‘लॅन्सेट’सारख्या वैद्यकीय नियतकालिकांतून काढलेली टिपणं, ताप, कॉलरा, डॉक्टरांची भांडणं, मतदान सुधारणा विधेयकाच्या तारखा, आणि पुढं पात्रांचे आराखडे. पण कादंबरीत हे दगड दिसत नाहीत. दिसतो तो पोरसवदा लिडगेट, कादंबरीतला पुढचा डॉक्टर. पावसामुळं घरात अडकलेला, सुटीचा दिवस, कपाटातली पुस्तकं सगळी वाचून झालेली. वरच्या फळीवर धुळकट जुन्या ज्ञानकोशाची रांग. तो खुर्चीवर चढतो, एक खंड काढतो, सहज उघडतो आणि तिथंच उभ्या उभ्या वाचायला लागतो. शरीररचना. हृदयाच्या झडपा. झडपेचा लॅटिन शब्द म्हणजे दुपाखी दार, एवढं त्याला ठाऊक असतं. त्या दाराच्या फटीतून आत उजेड पडतो आणि खुर्चीवरून खाली उतरायच्या आत पोराचं आयुष्य ठरून गेलेलं असतं.

मी लहान मुलांना शिडीवर चढू देत नाही. विमा नाही आमच्याकडं. पण हल्ली खुर्ची ओढल्याचा आवाज आला तर लगेच ओरडत नाही.

एक धंद्याची गोष्ट राहिली. त्या काळी नवी कादंबरी तीन खंडांत निघायची, किंमत साडेएकतीस शिलिंग. एवढे पैसे घालून कोण घेणार? लोक चार्ल्स मूडीच्या वाचनालयाची वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, वर्गणी भरायचे आणि एकेक खंड घरी न्यायचे. प्रकाशक मूडीच्या तोंडाकडं बघत. ‘मिडलमार्च’ काही तीन खंडांत मावेना. तेव्हा लुईसनं तोड काढली, की पाच शिलिंगांचे आठ भाग काढा, लोकांना विकतच घेऊ द्या. डिसेंबर 1871 ते डिसेंबर 1872 ते भाग निघाले. म्हणजे उसन्या पुस्तकावर वाढलेल्या बाईचं सर्वांत मोठं पुस्तक वाचनालयाच्या मापात बसलं नाही. मला यात किंचित अपमान वाटला, पण बरंही वाटलं.

आणि त्याच ‘मिडलमार्च’मध्ये, सत्तावन्नाव्या प्रकरणाच्या डोक्यावर, तिनं स्वतः रचलेलं एक सुनीत आहे. पहिल्यांदा वाचताना मी ते ओलांडून गेले होते. प्रकरणांवरच्या कविता मी ओलांडतेच. दुसऱ्या खेपेला वाचलं. जेमतेम आठ वर्षांची मुलं, स्कॉटची जादू, आणि मग पुस्तक आणि त्यांची ताटातूट. तेव्हा ती मुलं रोज थोडं थोडं लिहून काढतात, टली-व्हिओलनपासून. गलेलठ्ठ कोळी तिरके पळावेत तशा ओळींत.

बावन्न वर्षांची बाई आहे ही. इंग्लंडात तिच्याहून वरचढ लिहिणारा कुणी नाही. आणि तिला अजून आपलं वाकडंतिकडं अक्षर दिसतंय.

त्या नववीतल्या मुलीचं अक्षर मी पाहिलं नाही. पुढच्या दोघांचं वाचून ते पुस्तक परवा परत आलं. सभासद वहीत तिच्या आईचा नंबर होता, फोन केला. आई म्हणाली, चाचणी परीक्षा चालू आहे, पुढच्या आठवड्यात पाठवते. कपाटात ठेवलं असतं तर दुसऱ्या कुणी नेलं असतं, म्हणून सध्या ते माझ्या टेबलाच्या खणात आहे, डब्याच्या पिशवीखाली. नोंद केलेली नाही.